पोहण्याची टाकी: बांधण्याआधी पाण्याचा हिशेब



आजचा विषय ऐकून तुमच्यातली एखादी म्हणेल, “बाई, उन्हाळ्यात प्यायला पाणी पुरेना, आणि ह्या पोहायच्या टाकीच्या गोष्टी कुठं काढल्या!” पण थोडं ऐकून घ्या. वेरूळची लेणी १९८३ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. घृष्णेश्वराला बाराही महिने भाविक येतात. खुलताबाद आणि दौलताबादच्या रस्त्यानं हॉटेलं झाली, शेतावर राहण्याची ठिकाणं झाली. राज्य सरकारनं २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून शेतावर दोन खोल्या काढून पाहुणे ठेवावेत असा विचार बचत गटांच्या बैठकीतही निघतो. खोल्यांचं ठरलं की पुढचा प्रश्न येतोच: “पाहुणे विचारतात, स्विमिंग पूल आहे का? आपणही बांधायचा का?”

पूल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं नदीवरचा पूल येतो, म्हणून आपण तिला पोहण्याची टाकी म्हणू. एवढं आधीच सांगते, की टाकी बांधणं एकदाच असतं. तिच्यातलं पाणी भरणं, स्वच्छ ठेवणं, कोमट ठेवणं आणि त्याची राखण करणं हे रोजचं असतं. तो रोजचा हिशेब आज मांडू.

शेततळं म्हणजे पोहण्याची टाकी नव्हे

कुणी म्हणेल, टाकी कशाला, आपल्याकडं शेततळं आहेच की! ‘मागेल त्याला शेततळे’ योजना २०१६ मध्ये आली आणि गावोगाव शेततळी झाली. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल अशा तळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं. ३ मीटर म्हणजे जवळजवळ दहा फूट. एका बाईच्या खांद्यावर दुसरी उभी राहिली, तरी वरचीचं डोकं पाण्यावर येईलच असं नाही.

खोलीपेक्षाही मोठा धोका त्या काळ्या कागदाचा. तळ्याचा उतार प्लॅस्टिकनं मढवलेला असतो, त्यावर शेवाळ धरतं. पाय घसरला की माणूस थेट खाली जातो, आणि वर यायला हाताला धरायला काही नसतं. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तिथून चढता येत नाही. लेकरू पडलं म्हणून आई उतरते आणि दोघंही जातात, अशा बातम्या आपण दर उन्हाळ्यात ऐकतो.

आता वेरूळचं शिवालय तीर्थ आठवा. अहिल्याबाई होळकरांचं नाव ज्याच्याशी जोडलं जातं, ते हे कुंड. खाली पाण्यापर्यंत पायऱ्याच पायऱ्या. आपल्या जुन्या बारवांचंही तेच. पाण्यात उतरणाऱ्याला बाहेर येण्याची वाट हवी, हे त्या बांधणाऱ्यांनी आधी पाहिलं. शेततळ्यात पाण्याचा साठा आहे, पण बाहेरची वाट नाही.

म्हणून शेततळं असेल तर टाकीच्या आधी हे करा. चारही बाजूंनी जाळीचं कुंपण आणि कुलूप लावायचं दार. चारही उतारांवर जाड दोर, त्याला हातभर अंतरावर गाठी किंवा जुने टायर बांधलेले, वरचं टोक पक्क्या खुंटाला आणि खालचं पाण्यात. काठावर हवा भरलेली ट्यूब आणि लांब बांबू. पाहुण्यांना तिथं पोहायला सोडायचं नाही, कितीही आग्रह झाला तरी.

एका टाकीला पाणी किती?

समजा, लहानशी टाकी बांधली: २० फूट लांब, १० फूट रुंद, ४ फूट खोल. म्हणजे ८०० घनफूट. एका घनफुटात सुमारे २८ लिटर पाणी बसतं, म्हणून टाकीत साधारण २२,६०० लिटर. १५ लिटरचा हंडा धरला तर दीड हजार हंडे.

भरलं की झालं, असं नाही. मे महिन्यात आपल्याकडं उघड्या टाकीचं पाणी दिवसाला जवळजवळ एक सेंटिमीटर उडतं. एवढ्या टाकीतून रोज १८५ लिटर, म्हणजे बारा हंडे. महिन्याचे साडेपाच हजार लिटर, एक छोटा टँकर. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलं आहे. म्हणजे तीन माणसांच्या वाट्याचं पाणी रोज नुसतं हवेत जातं. ज्या गावाला उन्हाळ्यात टँकर लागतो, तिथं ही टाकी फाल्गुनापासून पहिल्या पावसापर्यंत कोरडी ठेवायची तयारी हवी. शेजारीण हंडा घेऊन रांगेत उभी आणि आपल्या दारात निळं पाणी, हे गावात कुणालाच शोभत नाही.

पाणी गार का होतं?

माठातलं पाणी का गार होतं, हे आपल्याला माहीत आहे. माठ पाझरतो, ते पाणी वाऱ्यानं उडतं आणि उडताना आतली ऊब घेऊन जातं. पोहण्याची टाकी म्हणजे तोंड उघडं असलेला भला मोठा माठच. मराठवाड्याची हवा कोरडी, म्हणून पाणी जास्त उडतं आणि टाकी जास्त गार पडते. दिवाळीनंतर पहाटे पाण्यात पाय घालवत नाही, त्याला थंडीइतकंच हे उडणंही कारणीभूत आहे.

यातून पहिला उपाय निघतो: झाकण. टाकीच्या मापाचं प्लॅस्टिकचं आच्छादन रात्रभर घातलं की उडणारं पाणी आणि जाणारी ऊब, दोन्ही बऱ्याच प्रमाणात वाचतात. पाणी तापवायच्या कुठल्याही यंत्राआधी झाकण घ्या. पण आच्छादनावर लेकरू उभं राहिलं तर ते त्याचं वजन पेलत नाही. लेकरू आत ओढलं जातं आणि वरून दिसतही नाही. म्हणून पोहताना आच्छादन पूर्ण काढायचं, अर्धवट ठेवायचं नाही.

दुसरा उपाय उन्हाचा. दुपारी ठिबकचा पंप सुरू केला की नळीतून पहिलं पाणी कसं चटका देतं! काळी नळी ऊन शोषते. पोहण्याच्या टाकीचं सौर तापवणं याच तत्त्वावर चालतं. छतावर काळ्या नळ्यांची चटई पसरतात आणि पंप टाकीचं पाणी त्यातून फिरवून परत आणतो. पाणी कडक तापवायचं नसतं, भरपूर पाणी थोडं थोडं तापवायचं असतं. टाकीच्या पृष्ठभागाच्या निम्मी ते तेवढीच जागा नळ्यांना लागते, म्हणजे आपल्या उदाहरणात १०० ते २०० चौरस फूट.

तिसरा उपाय विजेचा, आणि इथं हिशेब नीट ऐका. २२,६०० लिटर पाणी २० अंशांवरून २८ अंशांवर न्यायला हीटरच्या कॉइलनं सुमारे २१० युनिट वीज लागते. पंखा, दिवे आणि टीव्ही एवढंच असलेल्या घराला ती दोन-तीन महिने पुरेल. शिवाय रात्री टाकी उघडी राहिली की सकाळी पाणी पुन्हा गारठतं. हीट पंप नावाचं यंत्र हेच काम चौथ्या-पाचव्या हिश्शाच्या विजेत करतं. फ्रिज आतली ऊब काढून मागं सोडतो, तसा हा हवेतली ऊब काढून पाण्यात सोडतो. पण यंत्र महाग आहे आणि बारमाही पाहुणे नसतील तर ते नुसतं पडून राहतं. आणखी एक गोष्ट, शेतीपंपाच्या जोडणीवर टाकीचा पंप चालवू नका. तो शेतीचा वापर धरला जात नाही.

पाणी स्वच्छ कसं ठेवायचं?

ठिबक असलेल्या घरात वाळूचा फिल्टर ओळखीचा आहे. टाकीलाही तोच लागतो. दिवसातून निदान एकदा सगळं पाणी त्यातून गेलं पाहिजे. सहा-सात तासांत पाणी फिरवायचं तर तासाला साडेतीन हजार लिटर, म्हणजे साधारण अर्ध्या अश्वशक्तीचा पंप. फिल्टर तुंबला की उलटं पाणी सोडून धुवायचा, आणि ते पाणी झाडांना द्यायचं.

फिल्टर गाळ अडवतो, रोगजंतू मारत नाही. त्यासाठी क्लोरीन. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत टाकतो ती टीसीएल पावडर, तिच्यातही क्लोरीनच असतं. ताज्या पावडरीचं माप १,००० लिटरला साधारण ५ ग्रॅम, म्हणजे आपल्या टाकीला सुमारे ११५ ग्रॅम. ऊन क्लोरीन खातं, म्हणून ते संध्याकाळी घालायचं, आणि टाकी वापरात असेल तोवर रोज तपासायचं. पोहण्याच्या पाण्यात लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम क्लोरीन असावं आणि पाण्याचा सामू ७.२ ते ७.८ असावा. सामू जास्त वाढला की क्लोरीनचा जोर कमी होतो. दोन्ही तपासण्याची रंगाची पेटी मिळते.

पावडर प्लॅस्टिकच्या बादलीत पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी टाकीत सोडा. हात आणि डोळे सांभाळा. टीसीएलमध्ये ॲसिड, फिनेल किंवा दुसरं काहीही मिसळू नका, विषारी वायू होतो. पावडर लेकरांच्या हाताला लागणार नाही अशी, कोरड्या जागी ठेवा. ओल लागली की तिचा जोर जातो.

हे टाळलं तर काय होतं? जुलाब, डोळे येणं, कानाचं दुखणं. पाणी आठवडाभर साचलं तर डेंगीचे डास. कोमट, क्लोरीन नसलेल्या पाण्यात मेंदूला इजा करणारा अमीबाही वाढू शकतो. तो नाकातून शिरतो. २०२४ आणि २०२५ मध्ये केरळात त्यानं जीव गेले आहेत.

राखणीचं सामान

टाकीभोवती निदान चार फूट उंच कुंपण आणि आपोआप बंद होणारं दार हवं. खोली आकड्यात रंगवलेली हवी. पायऱ्या आणि धरायला कठडा हवा. पंपाला अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच हवा. तळाशी पाणी ओढणारं भोक एकच नको, दोन हवीत, आणि दोन्हींवर पक्की जाळी हवी. जाळी निखळलेली असेल तर मोकळे केस, वेणी, ओढणी त्यात खेचली जाते आणि माणूस पाण्याखाली अडकतं. म्हणून केस बांधून, ओढणी काढूनच उतरायचं. साडी नेसून पोहू नये, ती भिजून पायांत गुंतते.

सगळ्यांत मोठं सामान म्हणजे लक्ष ठेवणारं माणूस. लेकरं पाण्यात असेपर्यंत एका बाईनं फोन बाजूला ठेवून फक्त पाण्याकडं पाहायचं. बुडणारं माणूस बहुधा ओरडत नाही, ते गुपचूप खाली जातं.

कुणी बुडत असेल तर पोहता न येणाऱ्यानं उडी मारू नये. आडवं पडून बांबू, दोर नाहीतर साडीचं टोक फेका. बाहेर काढल्यावर उलटं टांगू नका, पोट दाबत बसू नका. मिठात झाकल्यानं माणूस जिवंत होतं ही निव्वळ अफवा आहे. १०८ ला फोन करा. श्वास नसेल तर मान मागं करून, नाक चिमटीत धरून तोंडानं दोन श्वास द्या. मग छातीच्या मधोमध ३० वेळा जोरानं आणि भरभर दाबा, पुन्हा दोन श्वास. मदत येईपर्यंत थांबू नका. हे ऐकून येत नाही, हातानं शिकावं लागतं. आरोग्य केंद्रात सांगून गटासाठी एक दिवस ठरवा.

मग बांधायची की नाही?

बैठकीत आणखी एक गोष्ट मांडा. पानं काढणं, भिंती घासणं, पाणी तपासणं, राखण करणं ही मजुरी कुणाची? ती आपल्याच कुणीतरी “घरचंच काम” म्हणून फुकट करणार असेल, तर टाकीचा फायदा कागदावरच राहील. ती मजुरी खर्चात धरा आणि मग पाहुण्यामागं काय उरतं ते पाहा.

पाणी असलेल्या गावासाठी माझ्या मते एक साधा मार्ग आहे. विहिरीच्या मोटारीखाली सिमेंटचा हौद. लांबी-रुंदी तीच, पण खोली अडीच फूट. त्यात साधारण १४,००० लिटर पाणी मावतं. आतून खरबरीत, दोन बाजूंना पायऱ्या. सकाळी मोटार सुरू करून हौद भरायचा, पाहुण्यांची लेकरं डुंबली की संध्याकाळी तेच पाणी पिकाला सोडायचं. साबण, शाम्पू आत न्यायचा नाही. आठवड्याला हौद रिकामा करून टीसीएलच्या पाण्यानं घासायचा आणि उन्हात वाळवायचा. रोज नवं पाणी, म्हणून फिल्टर नको. आणि ऊब? थंडीत विहिरीचं ताजं पाणी कोमट असतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. जमीन ते फुकट तापवून देते. कुंपण, दार आणि राखण मात्र इथंही सुटत नाही. अडीच फूट पाण्यातही लेकरू बुडतं.

त्याच हौदात दुपारचा एक तास आपल्या पोरींसाठी ठेवा. पूर्वी पाठीला वाळका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून मुलं विहिरीत पोहायला शिकायची, मुली काठावर उभ्या राहून बघायच्या. ज्या गावात इतकी शेततळी झाली, तिथं मुलीला पाण्यावर तरंगता येणं ही आता चैन राहिली नाही.

पुढच्या बैठकीत हे पाच प्रश्न वहीत लिहून घ्या: पाणी कुठून? उडेल ते कोण भरणार? स्वच्छतेची पाळी कुणाची? राखणीला कोण बसणार? आणि सगळ्यांची मजुरी किती? पाचही उत्तरं मिळाली, तरच गवंड्याला बोलवा.