पोट, झोंप आणि विजेचा सौम्य स्पर्श

गेल्या वैशाखांत नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळत असतां, आमच्या माजघरांतील दिवा रात्रीं दोन वाजेपर्यंत विझत नसे. कारण उकाडा नव्हे. कारण आमचा ९ वर्षांचा नातू. वैद्यक ज्यास ऑटिझम म्हणतें व मराठींत ज्यास स्वमग्नता हें नांव रूढ झालें आहे, ती अवस्था त्याच्या ठिकाणीं लहानपणापासून आहे. शब्द थोडे, आणि तेहि त्याच्याच लयींत. तो रात्रीं उठून भिंतीकडेनें फेऱ्या मारी, मुठी पोटांत रुतवी, चवड्यांवर उभा राहून सर्व अंग ताठ करी आणि एकाएकीं मोठ्यानें ओरडे.

घरांत मतांस तोटा नव्हता. वहिनींनीं दृष्ट काढली. धाकट्या बंधूंनीं हा हट्ट असल्याचें ठरविलें. आणि मुलांना शब्दरूपें घोकविण्यांत सारी हयात घालविलेले आम्ही, 'शिस्तीचा अभाव' असें निदान करून मोकळे झालों! एकट्या सूनबाई म्हणत होत्या, "मामंजी, ह्याचें पोट तर दुखत नसेल ना?" त्याला शौचास होऊन पांच दिवस झाले होते. हें विचारल्याबरोबर कळलें. पण तोंवर कोणी विचारलेंच नव्हतें.

डॉक्टरांनीं पोट चांचपून पाहिलें व डाव्या बाजूचा कठीण गोळा आमच्याच बोटांना दाखविला. मूल चवड्यांवर उभें राहतें, पाय आवळतें, तेव्हां आपणांस वाटतें कीं तें कुंथत आहे. खरें पाहतां तें मळ आंत रोखून धरीत असतें. एकदां कठीण मळानें वेदना झाली कीं मूल भितें. भितें म्हणून रोखतें. रोखलेल्या मळांतील पाणी आंतडें शोषून घेतें व तो अधिकच कठीण होतो. पुढें मलाशय ताणून ताणून त्याची जाणीवच बोथट होते. मग त्या गोळ्याच्या कडेनें पातळ मळ झिरपून कपडे खराब होतात, आणि घरचीं माणसें त्यास जुलाब समजून उलटें औषध देतात.

हें ऐकतांना आम्हांस फार वर्षांपूर्वींचा एक विद्यार्थी आठवला. शेवटच्या बांकावर बसे, वर्गांत पेंगे, विचारल्यास उत्तर न देतां हात हलवीत राही. त्याच्या कपड्यांस वास येतो म्हणून मुलें हंसत. आम्हीं त्याला कित्येकदां वर्गाबाहेर उभें केलें. पुढल्या वर्षीं तो शाळेंत आला नाहीं. त्याचें नांव आम्हांस अजून आठवतें.

हीं कांहीं विरळा मुलें नव्हेत. इन्क्लेन ह्या संस्थेच्या पुढाकारानें आपल्या देशांत पांच ठिकाणीं झालेल्या व २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत उत्तर गोव्याचाहि समावेश होता. तींत ६ ते ९ वर्षांच्या मुलांपैकीं सुमारें १३.६ टक्के मुलांत मेंदूच्या वाढीशीं निगडित असा कांहीं ना कांहीं विकार आढळला. बहिरेपण, अपस्मार, बुद्धिमांद्य, स्वमग्नता, अवधानाची चंचलता असे अनेक प्रकार त्यांत येतात. अशा मुलांत मलावरोध व निद्रानाश हीं दोन दुखणीं जोडीनें फार दिसतात. कित्येक स्वमग्न मुलांस पदार्थाचा स्पर्शच सोसत नाहीं. आमचा नातू संत्र्यांच्या ह्या नगरींत जन्मून संत्र्याच्या फोडीला बोट लावीत नसे. दूध व बिस्किटें हाच आहार. कित्येकांस पोट भरल्याची अथवा शौचाची संवेदना नीट कळत नाहीं. मेलाटोनिन म्हणून जो निद्रारस मेंदू अंधार पडूं लागतांच सोडतो, त्याचेंहि वेळापत्रक कांहींचें बिघडलेलें असतें. आणि तुंबलेलें पोट झोंप मोडतें, मोडलेली झोंप दिवसाचें खाणेंपिणें बिघडवते, असें हें चक्र फिरत राहतें.

डॉक्टरांच्या औषधास आठ दिवसहि झाले नव्हते, तोंच आमच्या चिरंजीवांनीं मोबाईलवर एका यंत्राची जाहिरात दाखविली. कपाळास पट्टा बांधावा, मंद वीज सोडावी, मूल शांत झोंपेल! किंमत त्यांच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी. वहिनी म्हणाल्या, माझ्या पाटल्या मोडा. घरांत असे प्रसंग येतात तेव्हां 'पुरावा काय?' हा प्रश्न निर्दयपणाचा वाटतो. तरी आम्हीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली, आणि वाचण्यास व जाणत्यांस विचारण्यास लागलों.

ह्या विद्येस आम्ही मराठींत 'मज्जातंतु-नियमन' म्हणूं. तींत सुरी नाहीं, सुई नाहीं. कातडीवरून मंद वीज देऊन तंतूंच्या निरोपांत फेर घडवावयाचा. कल्पना नवी नव्हे. पहिल्या शतकांतील रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस हा वातरक्ताच्या रोग्यास समुद्रांतील विजेच्या जिवंत माशावर पाय ठेवावयास लावी. आणि वाचकांपैकीं ज्यांचे गुडघे आमच्याप्रमाणें साठीनंतर कुरकुरूं लागले, त्यांनीं ही वीज स्वतः अनुभविलेलीच आहे. फिजिओथेरपिस्टकडे चार ओलसर गाद्या लावून ज्या यंत्रानें मुंग्या आणवतात, तें आयएफटीचें यंत्र हेंच. त्यांत दोन प्रवाह असतात. एक सेकंदास सुमारें ४००० आवर्तनांचा, दुसरा त्याहून शंभरएक आवर्तनांनीं निराळा. दोन्ही शरीरांत जेथें एकमेकांस छेदतात तेथें त्यांच्या फरकाचा मंद ठोका उत्पन्न होतो. ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न येथील संशोधकांनीं हीच युक्ति गुडघ्याऐवजीं पोटावर व पाठीवर केली. औषधांना दाद न देणाऱ्या ८ मुलांवरील त्यांचा पहिला प्रयोग २००५ सालीं प्रसिद्ध झाला आणि त्यांतील बहुतेकांचें कपडे खराब होणें थांबलें.

दुसरा मार्ग घोट्याचा. पायाच्या आंतल्या घोट्यामागून जो तंतु जातो, त्याचीं मुळें मज्जारज्जूच्या खालच्या टोकाकडील त्याच भागांत आहेत, जेथून मलाशयास व मूत्राशयास हुकूम सुटतात. घोट्यास वीज देऊन मलाशयाशीं बोलावयाचें! तिसरा मार्ग कानाचा. मेंदूंतून निघून हृदय, जठर, आंतडें असा प्रवास करणाऱ्या दहाव्या तंतूस व्हेगस म्हणतात. लॅटिनमध्यें त्याचा अर्थ भटक्या. संस्कृतांत 'परिव्राजक' शोभलें असतें. त्याची एक शाखा कानाच्या पाळीवरील खळग्यांत येते. तेथें वीज देऊन झोंप सुधारते कीं काय ह्याचे प्रयोग मुख्यतः चीनमध्यें व प्रौढांवर झाले आहेत. स्वमग्न मुलांवरील प्रयोग फार लहान आहेत.

आणि येथेंच आम्ही थबकलों. मेलबर्नचीं मुलें मंद आंतड्याचीं होतीं, स्वमग्न म्हणून निवडलेलीं नव्हतीं. २०१६ सालीं कॉक्रेन ह्या परीक्षक संस्थेनें मुलांच्या मलावरोधावरील विजेच्या उपचाराचा पुरावा चाळला, तेव्हां चाळणींत एकच चाचणी उरली. तींतील मुलें ४६. असा पुरावा जोखतांना कांहीं मुलांस खरी वीज देतात व कांहींस लटकें यंत्र लावतात. हुबेहूब तसेंच, पण आंत उपयोगाची वीज नाहीं. लटक्यानेंहि पुष्कळांस बरें वाटतें, कारण नवें यंत्र आल्याबरोबर घरच्यांचें लक्ष, वेळ व आशा हीं तिन्ही वाढतात. कपाळाच्या पट्ट्याचीच गोष्ट घ्या. अवधानाच्या चंचलतेसाठीं, झोंपेंत कपाळावरील तंतूस वीज देणाऱ्या एका यंत्रास अमेरिकन सरकारनें २०१९ सालीं परवानगी दिली, ती ६२ मुलांवरील चाचणीवरून. पुढें इंग्लंडांत १५० मुलांवर मोठी चाचणी झाली. तिचा निष्कर्ष २०२६ च्या आरंभीं प्रसिद्ध झाला, त्यांत खरें व लटकें ह्यांत फरक दिसला नाहीं. हें वाचून दाखविल्यावर चिरंजीव बराच वेळ गप्प होते. वहिनींच्या पाटल्या हातांतच राहिल्या.

मग केलें तें साधेंच, पण सोपें नव्हे. पॉलिइथिलीन ग्लायकॉलची चूर्णवजा पुडी पाण्यांतून आरंभीं मोठ्या प्रमाणांत दिली. तिनें गोळा सुटला. मग ती बेताची करून महिनोन् महिने चालू ठेवण्यास डॉक्टरांनीं बजाविलें. 'संवय लागेल' म्हणून मध्येंच बंद करण्याचा आमच्या घरचा उत्साह त्यांना ठाऊक असावा! जेवणानंतर आंतडें आपोआप चळतें, म्हणून जेवल्यावर १० मिनिटें शौचकूपावर बसणें, पायांखालीं पाट, दूध निम्में. संध्याकाळीं मोबाईल बंद, सकाळीं उठण्याची वेळ सुटीच्या दिवशींहि तीच. एक गोष्ट सूनबाईंनीं हेरली. खोलींतील कूलरची घरघर आम्हांस अंगाईसारखी, त्याला करवतीसारखी. कूलर खिडकीबाहेर सरकविला.

ह्यावर दीड महिन्यानें, डॉक्टरांच्या संमतीनें, फिजिओथेरपिस्टकडे पोटावरील उपचारहि सुरू केला. ज्यास झटके येतात, हृदयांत पेसमेकर आहे वा कातडीस जखम आहे, त्याच्या बाबतींत हें आधीं विचारल्यावांचून करूं नये. दुकानांतून यंत्र आणून घरीं आपल्या मनानें तर मुळींच नको. पहिल्या दिवशीं ओली गादी अंगास लागतांच नातवानें ती भिरकावली. दुसऱ्या दिवशींहि तेंच. तेव्हां त्या बाई म्हणाल्या, "आजोबा, तुमचा गुडघा दुखतो ना? झोपा तुम्ही शेजारीं." तीन दिवस आमच्या गुडघ्यावर वीज चालली व तो नुसता पाहत बसला. चौथ्या दिवशीं त्यानें एक गादी उचलून स्वतःच्या पोटावर ठेवली.

आतां बहुधा एक दिवसाआड पोट साफ होतें, आणि रात्रीं ११ च्या सुमारास दिवा विझतो. सगळ्याच रात्रीं नव्हे. पुडी, पाट, कूलर, वीज ह्यांतील श्रेय कोणाचें, हें आम्हांस सांगतां येणार नाहीं, कारण आमच्या घरांत लटकें यंत्र लावलेला दुसरा नातू नाहीं. सूनबाईंनीं भिंतीवर दिनदर्शिका टांगली आहे. शौचास झाल्या दिवशीं तींत पिवळा ठिपका द्यावयाचा. परवां सकाळीं नातू पेन्सिल घेऊन आमच्यापाशीं आला, आमचा हात धरून भिंतीपाशीं नेला आणि त्या दिवसाच्या चौकोनावर बोट ठेवून उभा राहिला.