पारितोषिक आणि परखड लेखणी

दरवर्षीं ६ जानेवारीस महाराष्ट्रांत पत्रकारदिन साजरा होतो. बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ १८३२ सालीं याच दिवशीं निघालें. आमच्या सातारा जिल्ह्यांतील फलटणचा महाराष्ट्र पत्रकार कल्याण निधि बाळशास्त्र्यांच्या स्मरणार्थ ‘दर्पण’ पारितोषिकें देतो. सरकारच्या विभागवार पारितोषिकांत कोल्हापूर विभागासाठीं ‘पुढारी’कार ग. गो. जाधव यांच्या नांवाचें पारितोषिक आहे. शाल, श्रीफळ, मानपत्र, भाषणें, सर्व कांहीं यथासांग होतें. हे सोहळे पाहून आम्हांस आनंद होतो. पण एक शंकाहि मनांत येते. ज्याच्या लेखणीनें हार घालणाऱ्यालाच टोंचलें, त्याच्या गळ्यांत तो हार कधीं पडतो काय?

या मातीला ही शंका नवी नाहीं. कऱ्हाडनजीक टेंभू येथें १८५६ सालीं जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर ‘केसरी’चे पहिले संपादक. कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्यावरील लेखांबद्दल १८८२ सालीं टिळकांसह त्यांनीं डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढले. सुटून आले तेव्हां लोकांनीं जयजयकार केला. पुढें १८८८ सालीं ‘सुधारक’ काढून त्यांनीं आपल्याच समाजाच्या रूढींवर लेखणी चालविली, तेव्हां त्याच लोकांनीं त्यांची जिवंतपणीं प्रेतयात्रा काढली! दिवाणावर टीका केली तर हार, आणि आमच्यावर केली तर तिरडी. सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचा अनुभव सरकारच्या बाजूचा. त्यांच्या ‘कीचकवधा’वर १९१० सालीं बंदी आली आणि ‘नवाकाळ’मधील लेखांबद्दल १९२९ सालीं त्यांना तुरुंगवास घडला. त्या काळचें मानपत्र हें असें असे.

पारितोषिक देणाऱ्यांचा इतिहासहि पाहण्यासारखा आहे. पेशवाईंत विद्वान् ब्राह्मणांस श्रावणांत दक्षिणा मिळे. त्या पैशाचा कांहीं भाग मराठी ग्रंथांस उत्तेजन देण्याकडे लावावा, असा अर्ज १८४९ सालीं सुधारकांनीं केला. पुढें वाईस मुन्सफ झालेले लोकहितवादी त्यांत प्रमुख होते. त्यांतूनच दक्षिणा प्राइझ कमिटी निघाली. केवढा उदार हेतु! परंतु १८५५ सालीं जोतीराव फुले यांनीं तिच्यापुढें ‘तृतीय रत्न’ हें नाटक ठेविलें. फुल्यांचें मूळ घराणें सातारा जिल्ह्यांतील कटगुणचें. भोळ्या कुणब्यास नाडणाऱ्या भिक्षुकाचें चित्र त्या नाटकांत होतें. कमिटीनें तें नापसंत केलें. आणि तें कमिटींतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहामुळें, असें जोतीरावांनीं पुढें स्वतः लिहून ठेविलें आहे. आपण ब्राह्मण कुटुंबांनीं हें पान उलटून पुढें जाऊं नये.

दुसऱ्यांस दोष देण्यापूर्वीं आमचाहि दोष सांगणें उचित होय. कित्येक वर्षांपूर्वीं सांगलीच्या एका शाळेंत आम्ही वक्तृत्वस्पर्धेचे परीक्षक होतों. विषय होता ‘शाळेंतील शिस्त’. एक मुलगा म्हणाला, “प्रश्न विचारला तर छडी आणि गप्प बसलें तर शाबासकी, ही शिस्त कीं भीति?” उच्चार स्वच्छ, मुद्दे नेमके. पहिल्या रांगेंत चालक मंडळी बसलेली. आम्हीं त्याच्या नांवापुढें ‘भाषा उद्धट’ असा शेरा मारून त्यास तिसरा क्रमांक दिला. घरीं आल्यावर मातोश्रींनीं हकीकत ऐकून घेतली व विचारलें, “तो खोटें बोलला काय रे?” आम्हीं ‘नाहीं’ म्हटलें. “मग तिसरा कसा?” या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

सातारा-सांगलीच्या प्रतिसरकारांतील स्वातंत्र्यसैनिकांच्या हकीकती लिहिणारे पत्रकार पी. साईनाथ यांना २००७ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें. परंतु २००९ सालीं त्यांनीं पद्मभूषण मात्र स्वीकारलें नाहीं. ज्या सरकारची परीक्षा करावयाची, त्याच्याच हातून सन्मान घेणें पत्रकारास योग्य नव्हे, ही त्यांची भूमिका. यावर कोणी म्हणेल कीं, सरकारचा पैसा तो लोकांचाच पैसा. शिवाय तालुक्याच्या गांवीं साप्ताहिक चालविणाऱ्या संपादकास मानाइतकीच मदतीचीहि गरज असते. हेंहि खरें आहे. तेथें जाहिरात देणारा आणि टीकेस पात्र होणारा पुष्कळदां एकच असतो. म्हणून पारितोषिकें बंद व्हावींत असें आम्ही म्हणत नाहीं. परीक्षक देणगीदाराच्या मुठींत नसावेत, निवडीचीं कारणें छापलीं जावींत, आणि ज्या लेखासाठीं गौरव झाला तो लेख समारंभांत मोठ्यानें वाचला जावा, एवढेंच आमचें म्हणणें. टीकेचा विषय झालेले गृहस्थ व्यासपीठावर बसलेले असतील तर उत्तमच. त्यांनाहि उत्तर देण्याची संधि मिळेल, आणि सार्वजनिक वाद तो हाच.

परंतु ऐकून घेण्याची संवय समारंभांत लागत नाहीं, ती घरांतच लागावी लागते. ज्या घरांत वडील मंडळींपुढें धाकट्यांस वेगळें मत मांडतां येत नाहीं, त्या घरांतून निर्भीड संपादक कोठून यावा? यासाठीं आम्हीं आमच्या घरीं एक लहानसें बक्षीस ठेविलें आहे. आजोबांच्या कोणत्याहि एका मताचें सप्रमाण खंडण करणाऱ्या नातवंडास तें दिवाळींत द्यावयाचें. पहिल्या वर्षीं कोणींच लिहिलें नाहीं. गेल्या दिवाळींत धाकट्या नातीनें दोन पानें लिहून आणलीं. विषय, घरांत वर्तमानपत्र आधीं आजोबांनींच कां वाचावें? वाचतांना आमच्या कपाळास आंठी पडली, हें नाकबूल करीत नाहीं. पण तिचें म्हणणें खोटें नव्हतें. पहिलें बक्षीस तिलाच दिलें. मातोश्री आज हयात नाहींत. असत्या, तर या वेळीं त्यांना निकाल सांगतांना आमची मान खालीं गेली नसती.