महागाई उतरली म्हणतात, मग भाव का नाही?

जुलै 2023 मध्ये टोमॅटोने किलोला शंभरी ओलांडली आणि देशाचा किरकोळ महागाई दर 7.44 टक्क्यांवर गेला. पुढच्या जुलैत तो साडेतीनच्या आसपास आला. म्हणजे भाव उतरले? छे! वाढीचा वेग तेवढा मंदावला, तोही आदल्या वर्षीच्या चढ्या भावांशी तुलना झाल्यामुळे. भाज्या तर त्या भावांवरही आणखी महागल्याच.

दुसरी गोम भारांकात. महागाईच्या तेव्हाच्या निर्देशांकात खाद्यपदार्थ-पेयांचा वाटा सुमारे 46 टक्के, घरांचा जेमतेम 10. तोही 2011-12 च्या खर्च पाहणीवर बेतलेला. पुण्यात पगाराचा तिसरा हिस्सा भाड्यात घालवणाऱ्याला महागाईचा हा आकडा आपला कसा वाटणार? सरकारी आकडा खोटा नसतो, पण तो सरासरीचा असतो. पगारवाढ मागायला जाताना आपली वाणसामानाची बिलं आणि भाडेकरार सोबत न्या.