युद्धकाळातील नृत्यनाट्य आणि वेशभूषा : मुंबईच्या केंद्रीय पथकाच्या संदर्भात

प्रस्तावना

नृत्यनाट्याची चर्चा करताना संगीत, पदन्यास आणि कथावस्तू यांचा विचार होतो. वेशभूषेला मात्र सजावटीचा एक भाग समजून तिचा उल्लेख शेवटी उरकला जातो. सिंधुदुर्गात वावरणाऱ्या अभ्यासकाला ही उपेक्षा विशेष जाणवते, कारण येथील दशावतारात वेशाविना पात्रच उभे राहत नाही. देवळाच्या आवारात नेपथ्य नसते, लाकडी बाकडेच प्रसंगी सिंहासन होते. अशा मोकळ्या जागेत राजा राजा वाटतो तो मुकुटामुळे आणि भरजरी अंगरख्यामुळे. संकासूर तर त्याच्या काळ्या वेशावरूनच ओळखला जातो. ज्या कलेत वेश इतके बोलतो, त्या कलेवर कापडाच्या दुर्भिक्ष्याची वेळ आली तर काय होईल, हा प्रश्न येथूनच निर्माण होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हा प्रश्न जगभरच्या नृत्यसंस्थांपुढे प्रत्यक्ष उभा राहिला. युरोपात आणि मुंबईत त्याची जी भिन्न उत्तरे दिली गेली, त्यांचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचा प्रयत्न केला आहे.

युद्ध आणि कापड

युद्धात कापड ही लष्करी गरजेची वस्तू ठरते. गणवेश, तंबू आणि हवाई छत्र्या यांसाठी सुती व रेशमी कापडाची मागणी अकस्मात वाढते आणि नागरिकांच्या वाट्याला उरलेसुरले येते. भारतात डिसेंबर १९४१ मध्ये जपानशी युद्ध सुरू झाल्यावर तेथून येणारे कापड बंद झाले. जहाजांच्या टंचाईमुळे इंग्लंडमधील आयातही घटली. गिरण्यांच्या उत्पादनाचा मोठा हिस्सा सैन्याकडे वळला, किमती भडकल्या आणि साठेबाजी बोकाळली. अखेर जून १९४३ मध्ये सरकारने सुती कापड व सूत नियंत्रण आदेश काढला. त्यानुसार किमतीवर मर्यादा आली आणि कापडावर किमतीचा शिक्का मारला जाऊ लागला.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. लालबाग-परळच्या गिरण्यांत हे कापड विणणारा कामगार मोठ्या प्रमाणात कोकणातील, म्हणजे तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातील होता. आजच्या सिंधुदुर्गाचा बराचसा भाग त्याच जिल्ह्यात समाविष्ट होता. कापड निर्माण करणाऱ्याच्या घरी कापडाची चणचण, ही विसंगती आपल्या प्रदेशाच्या स्मृतीपासून दूरची नाही.

युरोपातील अनुभव

मे १९४० मध्ये इंग्लंडची सॅडलर्स वेल्स ही बॅले संस्था हॉलंडच्या दौऱ्यावर होती. १० मे रोजी जर्मन सैन्याने आक्रमण केले. कलावंत कसेबसे मायदेशी परतले, परंतु अनेक नृत्यनाट्यांचे पोशाख, नेपथ्य आणि स्वरलिपी तेथेच राहिल्या. ‘होरोस्कोप’ या बॅलेची संपूर्ण वाद्यवृंदलिपी त्यात कायमची गमावली गेली. पुढे १ जून १९४१ पासून ब्रिटनमध्ये कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले आणि ते मार्च १९४९ पर्यंत टिकले. युद्ध संपल्यावर, २० फेब्रुवारी १९४६ रोजी, याच संस्थेने कॉव्हेंट गार्डनचे नाट्यगृह ‘स्लीपिंग ब्यूटी’ने पुन्हा उघडले. ऑलिव्हर मेसेल यांनी या प्रयोगाचे पोशाख व नेपथ्य योजले होते. रेशनिंग चालूच असल्याने कुपन्स जमवून आणि स्वस्त कापडावर रंगकाम करून राजवाड्याचे वैभव उभे करण्यात आले. टंचाई होती, पण प्रेक्षकाला ती दिसू नये हाच हेतू होता. अनेक वर्षे अंधारात आणि अभावात काढलेल्या लोकांना तो झगमगाट हवाही होता. त्यास निव्वळ दिखाऊपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

सोव्हिएत रशियात लेनिनग्राडची किरॉव्ह संस्था युद्धामुळे उरल भागातील पर्म शहरी हलविण्यात आली. तेथेच ९ डिसेंबर १९४२ रोजी खाचातुरियन यांच्या संगीताचा ‘गयाने’ हा बॅले प्रथम सादर झाला. त्याचे कथानक आर्मेनियातील सामुदायिक शेतीवरचे आहे. राजकन्येऐवजी शेतकरी स्त्री नायिका झाली, तेव्हा रंगमंचावरील वेशाचे स्वरूपही बदलणे क्रमप्राप्त होते.

मुंबईतील पथक

आपल्याकडील भारतीय बॅलेची युद्धपूर्व परंपरा समृद्ध वेशाची होती. कथ्थकवर आधारित नृत्यनाट्ये रचणाऱ्या मादाम मेनका यांनी १९३० च्या दशकात युरोपचा दौरा केला. कालिदासाच्या नाटकावरील त्यांचे ‘मालविकाग्निमित्रम्’ हे राजदरबाराचे नृत्यनाट्य होते. अशा विषयास रेशीम आणि अलंकार शोभून दिसत.

१९४३ च्या बंगालच्या दुष्काळाने विषयच बदलला. या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसे मृत्युमुखी पडली असावीत, असा अंदाज केला जातो. अन्नापाठोपाठ बंगालमध्ये वस्त्राचाही दुष्काळ आला. अंगावर पुरेसे लुगडे नसल्याने स्त्रियांना घराबाहेर पडणे अशक्य झाले. मे १९४३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय जननाट्य संघाने, म्हणजेच ‘इप्टा’ने, या आपत्तीवर गीते, नाटके आणि नृत्ये सादर करून मदतनिधी गोळा केला. उदय शंकर यांचे अल्मोडा येथील कलाकेंद्र युद्धकाळातच बंद पडले. तेथील अनुभव घेतलेले शांती बर्धन, अवनी दासगुप्ता, सचिन शंकर, नरेंद्र शर्मा आदी कलावंत इप्टाच्या केंद्रीय पथकात आले. पथकाचा मुक्काम अंधेरी येथे होता आणि जीवन सामुदायिक व काटकसरीचे होते. ‘स्पिरिट ऑफ इंडिया’ (१९४४) आणि ‘इंडिया इम्मॉर्टल’ (१९४५) ही त्यांची प्रमुख नृत्यनाट्ये होत. दुसऱ्याचे संगीत रविशंकर यांनी दिले होते.

या नृत्यनाट्यांत अप्सरा किंवा राजकन्या केंद्रस्थानी नव्हती, तर शोषित, भुकेली आणि अखेरीस एकजुटीने उभी राहणारी जनता होती. तिला जर नेसवता आली नसती. साधे सुती वस्त्र हेच तिचे वस्त्र होते. अशा रीतीने टंचाईची अडचण आणि विषयाची गरज या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी येऊन मिळाल्या.

झाकणे आणि दाखवणे

येथे लंडन आणि मुंबई यांतील मूलभूत भेद स्पष्ट होतो. लंडनने अभाव झाकला, मुंबईने अभावालाच पात्राचे रूप दिले. लंडनच्या वेशाचा प्रश्न होता, ‘हे कापड रेशमासारखे दिसेल काय?’ मुंबईत प्रश्न होता, ‘समोर बसलेल्या माणसाला हे कापड आपले वाटेल काय?’ पहिला प्रश्न कौशल्याचा आहे. दुसऱ्यात कौशल्याबरोबर नैतिक जबाबदारीही येते.

ही जबाबदारी सोपी नाही. ज्याच्याजवळ वस्त्र नाही त्याची भूमिका वस्त्र असलेल्या नर्तकाने कशी करावी? फाटकी चिंधी पांघरून दारिद्र्याचे प्रदर्शन मांडले तर ते दारिद्र्यही एक प्रकारचे आभूषण होऊन बसते. यावरचे उत्तर नृत्याच्या स्वरूपातच आहे. चिंध्यांच्या हुबेहूब नकलेपेक्षा वाकलेली पाठ, जड पाऊल आणि समूहाची एकत्रित हालचाल भूक अधिक खरेपणाने सांगू शकते. वेश साधा असेल तर शरीर झाकले जात नाही आणि प्रेक्षकाची दृष्टी कापडावर न अडकता माणसावर स्थिरावते.

केंद्रीय पथक फार काळ टिकले नाही. बर्धन यांनी १९५२ मध्ये मुंबईत लिटल बॅले ट्रूप स्थापन केला. त्यांच्या ‘रामायण’ या नृत्यनाट्यात नर्तक कठपुतळ्यांप्रमाणे हालचाल करीत. तेथे वेशही त्या हालचालीचाच भाग झाला. १९५४ मध्ये बर्धन यांचे निधन झाले. पुढे गुल बर्धन यांनी अनेक दशके ही संस्था सांभाळली. वेश हालचालीला पूरक असावा, तिच्यावर कुरघोडी करणारा नसावा, हा विचार युद्धानंतरही टिकून राहिला असे यावरून म्हणता येते.

समारोप

महाविद्यालयीन स्नेहसंमेलनांत शेतकरी व कोळी नृत्ये दरवर्षी होतात. अशाच एका तालमीच्या वेळी भाड्याने आणलेले जरीकाठी पटके आणि टिकल्यांच्या साड्या पाहून किनाऱ्यावरील गावातून येणारी एक विद्यार्थिनी सहज म्हणाली, “सर, माझी आई मासे विकायला अशी नेसून गेली तर गिऱ्हाईक हसतील.” तिच्या शब्दांत तक्रार नव्हती, पण प्रस्तुत लेखकाला तेव्हा उत्तर सुचले नाही. पोशाखांचे भाडे आधीच दिलेले होते आणि नृत्य त्याच पोशाखांत झाले.

युद्धकाळातील नृत्यनाट्याच्या अभ्यासातून त्या विधानाचे महत्त्व उमगले. दशावतारातील राजाला भरजरी वेश शोभतो, कारण तो राजाचा वेश आहे. श्रम करणाऱ्या माणसाच्या अंगावर तोच झगमगाट चढवला की त्या माणसाचे जीवन आपण झाकून टाकतो, आणि तेही कापडाची कोणतीही टंचाई नसताना. १९४४ च्या कलावंतांनी जे अभावात साधले ते विपुलतेत हरवू नये, यासाठी सांस्कृतिक कार्यक्रमांचे मार्गदर्शन करणाऱ्या प्राध्यापकांनी तालमीच्या पहिल्याच दिवशी विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारावा : हे वस्त्र कोणाचे आहे, आणि ते नेसणारा माणूस प्रेक्षकांत बसला असेल तर तो काय म्हणेल? वेशभूषेचा अभ्यास या प्रश्नापासून सुरू होणे उचित ठरेल.