पत्ता आणि वाट : इंटरनेटवरील टपाल

चौथीच्या वर्गात टपालखात्याविषयी सांगताना पिनकोडचा उल्लेख ओझरता होतो. वास्तविक तेथे थोडे थांबणे इष्ट आहे. संगणकावरचा मजकूर पुण्याहून निघून योग्य ठिकाणी कसा पोहोचतो, हे मुलांना समजावून देण्यास याहून सोयीचे साधन क्वचितच सापडेल.

पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातील अधिकारी व संस्कृतचे नाटककार होते. ४११००७ हा गणेशखिंडीचा अंक फळ्यावर लिहावा. आरंभीचा ४ महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड एवढा विस्तीर्ण प्रदेश दाखवितो. ४११ म्हटले की पुणे शहर व पिंपरी-चिंचवडचा परिसर आला. उरलेल्या तीन अंकांनी टपालकचेरी निश्चित होते. दिल्लीत पत्रांची छाननी करणाऱ्यास गणेशखिंड कोठे आहे हे ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याने पहिले तीन अंक पाहून थैली पुण्याच्या दिशेने रवाना केली की त्याचे काम संपले.

इंटरनेटचा पत्ता याच तत्त्वावर बेतलेला आहे. १९८१ साली ठरलेल्या चौथ्या आवृत्तीनुसार हा पत्ता चार भागांचा असतो व प्रत्येक भाग ० ते २५५ यांमधील एक संख्या असते, उदाहरणार्थ, १९२.१६८.१.५. पत्त्याचा पुढचा हिस्सा जाळ्याचा व मागचा हिस्सा त्या जाळ्यातील एका यंत्राचा. हिस्सा कोठे तोडावयाचा हे ‘मास्क’ नावाची दुसरी संख्या सांगते. मास्क २५५.२५५.२५५.० असेल, तर पहिले तीन भाग जाळ्याचे व शेवटचा यंत्राचा असे समजावे. मात्र एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे : पिनकोड भूमीला बांधलेला असतो, इंटरनेटचा पत्ता जाळ्याला. तोच संगणक सासवडहून बारामतीस नेऊन तेथील जाळ्यास जोडला, की त्याचा पत्ता बदलतो.

मजकूर पाठविण्यापूर्वी संगणक त्याचे लहान लहान तुकडे करतो व प्रत्येकावर पाठविणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता घालतो. पुढे तो एवढेच पाहतो, की घेणारा आपल्याच जाळ्यातील आहे की बाहेरचा. आपला असेल तर तुकडा थेट त्याच्या हाती. बाहेरचा असेल तर वेशीवरच्या यंत्राकडे. या यंत्रास राउटर म्हणतात. राउटरजवळ संपूर्ण वाटेचा नकाशा नसतो. ‘अमुक अंकांनी सुरू होणारे पत्ते अमुक दिशेस’ अशी एक यादी मात्र असते, व त्या आधारे तो तुकडा पुढच्या राउटरच्या स्वाधीन करतो. एकाच पत्त्याला यादीतील दोन नोंदी लागू पडल्या, तर जिच्यात अधिक अंक जुळतात ती नोंद ग्राह्य धरली जाते. एखादा तुकडा दोन राउटरांमध्येच हेलपाटे घालीत राहू नये, म्हणून त्यावर एक संख्या लिहिलेली असते. प्रत्येक राउटर ती एकाने घटवितो आणि ती शून्यावर आली की तुकडा टाकून देण्यात येतो.

या यादीत चूक शिरली तर काय होते, हे २४ फेब्रुवारी २००८ रोजी जगाला दिसले. पाकिस्तानातील दूरध्वनी कंपनीने यूट्यूब आपल्या देशापुरते बंद करण्यासाठी त्याच्या पत्त्यांची एक खोटी नोंद केली. ती सरहद्दीबाहेर गेली आणि मूळ नोंदीपेक्षा अधिक नेमकी असल्यामुळे इतर देशांतील राउटरांनीही ती खरी मानली. सुमारे दोन तास यूट्यूब अनेक देशांत दिसेनासे झाले. यंत्रांनी नियम तंतोतंत पाळला होता. सांगणाऱ्यास ते सांगण्याचा अधिकार आहे काय, हे मात्र कोणी तपासले नव्हते.

भारतात हे जाळे प्रथम शिक्षणसंस्थांसाठी आले. १९८६ साली अर्नेट हा सरकारी प्रकल्प सुरू झाला, व पुढे त्याचे पुण्यातील केंद्र गणेशखिंडीतील आयुका संस्थेत होते. सर्वसामान्य नागरिकांसाठी विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी ही सेवा खुली केली. पुढे दोन शेजाऱ्यांनी निरनिराळ्या कंपन्यांची जोडणी घेतली असेल, तर एकाचा मजकूर परदेशाचा वळसा घालून दुसऱ्याकडे येण्याचे प्रकार घडत. सदाशिव पेठेतले पत्र शुक्रवार पेठेत अमेरिकेवरून यावे, तसलाच हा प्रकार! २००३ साली निक्सी ही संस्था स्थापन झाली ती देशातील मजकुराची देवघेव देशातच व्हावी म्हणून.

चार भागांच्या पद्धतीत एकंदर ४२९ कोटींहून थोडे अधिक पत्ते होतात. पृथ्वीवरील माणसांची संख्याच याहून मोठी आहे. जागतिक साठ्यातील शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले. ज्या देशांत संगणक उशिरा पोहोचला, त्यांस ही टंचाई अधिक जाणवली हे उघड आहे. त्यावर कायमचा उपाय म्हणून सहावी आवृत्ती निघाली. तिच्यात पत्ता ३२ ऐवजी १२८ द्विमान अंकांचा असतो. दरम्यान काटकसरीचा मार्ग असा, की घरातील वा शाळेतील यंत्रांना खाजगी पत्ते द्यावेत आणि बाहेर सर्वांनी मिळून एकच पत्ता वापरावा. १९२.१६८ ने आरंभ होणारे पत्ते या खाजगी वर्गातले. म्हणूनच जुन्नरच्या शाळेतील संगणकाचा व भोरच्या शाळेतील संगणकाचा पत्ता एकच असला तरी काही बिघडत नाही. तोच पत्ता एका खोलीतील दोन यंत्रांस दिला गेला, तर मात्र दोहोंचीही जोडणी डळमळते. अशा वेळी तंत्रज्ञाची वाट पाहण्यापूर्वी शिक्षकाने दोन्ही यंत्रांचे पत्ते कागदावर उतरवून घेऊन शेजारी-शेजारी ठेवावेत.