शिकायचे असते ते गाडीने

जुन्या गाडीचा रिमोट दाद देईनासा झाला की पहिला संशय सेलवर घ्यावा. बहुतेक रिमोटमध्ये ३ व्होल्टचा, नाण्यासारखा चपटा ‘सीआर २०३२’ सेल असतो. तो बदलूनही दार उघडले नाही, तर मात्र नव्या रिमोटचा विचार करायचा.

गंमत अशी, की नव्या रिमोटमध्ये सहसा काहीच भरावे लागत नाही. त्याचा अनुक्रमांक आधीच ठरलेला असतो. तो लक्षात ठेवायचे काम गाडीचे. १९८०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत जन्मलेली ‘कीलॉक’ ही रिमोट ओळखण्याची पद्धत पुढे कितीतरी गाड्यांत पोचली. तिची ‘एचसीएस ३०१’ ही चिप दर वेळी ६६ बिटांचा संदेश सोडते. त्यात २८ बिटांचा अनुक्रमांक उघडा असतो, आणि ३२ बिटांच्या गुप्त भागात एक गणक दडलेला असतो. बटण दाबले की गणक एकाने पुढे सरकतो. त्यामुळे कालचा संदेश चोराने टिपून आज ऐकवला, तरी गाडी ढिम्म हलत नाही.

मग पोराने घरात बसून रिमोटशी खेळ केला तर? गाडी साधारण १६ पावलांपर्यंतचा फरक मुकाट्याने खपवून घेते. गणक त्याहून पुढे गेला असेल, तर लागोपाठ दोनदा बटण दाबावे, पुन्हा जुळते. सेल काढल्याने मात्र गणक पुसला जात नाही.

नव्या रिमोटची गाडीला ओळख करून देण्याची रीत कंपनीगणिक वेगळी. अमेरिकेतल्या फोर्डच्या अनेक जुन्या गाड्यांत १० सेकंदांत किल्ली ८ वेळा चालू-बंद करायची. शेवटी ती चालू ठेवली की कुलपे खटकन लागून उघडतात. मग प्रत्येक रिमोटचे एकेक बटण दाबायचे. या वेळी आधीच्या नोंदी पुसल्या जातात, म्हणून घरातले सगळे रिमोट हाताशी हवेत.

खरेदीत दोन ठिकाणी फसगत होते. अमेरिकेतला रिमोट बहुधा ३१५ मेगाहर्ट्‌झवर बोलतो, युरोपातला आणि आपल्याकडचा ४३३.९२वर, बाहेरून दोन्ही जुळे दिसले तरी उपयोग शून्य. दुसरे म्हणजे इंजिनाला परवानगी देणारी चिप वेगळी, किल्लीच्या मुठीत, बिनसेलची. नव्या रिमोटने दार उघडेल, पण इंजिन सुरू होईलच असे नाही.

वापरलेली गाडी घेतली असेल, तर जुन्या नोंदी पुसून आपले रिमोट पहिल्याच आठवड्यात नोंदवून घ्या. आधीच्या मालकाकडे राहिलेला रिमोट त्याशिवाय बाद होत नाही.