महासाथ आणि मन: गैरसमज व वस्तुस्थिती

कोविड-१९च्या काळात माणसे केवळ संसर्गाच्या भीतीने खचली, असे सर्रास सांगितले जाते. भीती होतीच, पण जोडीला बुडालेली मजुरी, बंद शाळा, एका खोलीत कोंडलेले कुटुंब आणि घरातले मृत्यूही होते. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, साथीच्या पहिल्या वर्षात जगभर नैराश्य व चिंताविकारांचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले.

‘मन खंबीर असले की काही होत नाही’ हा समज त्रास झालेल्यालाच दोषी ठरवतो. नैराश्य व चिंतेतली ही वाढ स्त्रियांत आणि तरुणांत अधिक दिसली. घरकाम, मुलांचा सांभाळ, आजाऱ्यांची शुश्रूषा हे सारे स्त्रियांवर आले. तरुणांच्या शिक्षणाची आणि पहिल्या नोकरीची घडी विस्कटली. यात खंबीरपणाचा प्रश्न येतोच कुठे?

सर्वांत उपेक्षित राहिला तो शोक. ‘काळ हेच औषध’ म्हणतात खरे, पण दुःख ओसरायला माणसे लागतात. २०२०च्या टाळेबंदीत भारतात अंत्यविधीला २० हून अधिक जणांना मनाई होती. पिशवीत बंद केलेला देह, लांबूनच घेतलेले दर्शन, खांदा द्यायला पीपीई किट घातलेले अनोळखी कर्मचारी. दहावा-तेरावा मोजक्या माणसांत किंवा मोबाइलच्या पडद्यावर उरकला. सुतकातल्या घरी पिठलं-भात घेऊन येणारे, मुकाट्याने शेजारी बसून राहणारे कोणी नव्हते. असे एकत्र येणे हे निव्वळ कर्मकांड नव्हे, माणसाला सावरणारा आधार असतो. तो हुकल्याने कित्येकांचा शोक आत तुंबून राहिला. महिनोन्महिने न ओसरणाऱ्या आणि रोजचे जगणे अडवणाऱ्या शोकाला आता वैद्यकशास्त्र ‘प्रदीर्घ शोकविकार’ म्हणून ओळखते.

आजारातून उठल्यावर रेंगाळणारा थकवा, विसराळूपणा हे ‘मनाचे खेळ’ही नव्हेत, ती दीर्घ कोविडची नोंदलेली लक्षणे आहेत.

साथीने सगळेच मनोरुग्ण झाले, हेही खरे नाही. बहुतेकांची घालमेल हळूहळू निवली. २१ देशांच्या पाहणीत सुरुवातीच्या महिन्यांत आत्महत्या वाढल्याचे दिसले नाही. जपानमध्ये मात्र २०२०च्या उत्तरार्धात, विशेषतः स्त्रियांच्या, आत्महत्या वाढल्या. परिणाम उशिरा उमटतो, तो असा.

जागतिक आरोग्य आणीबाणी ५ मे २०२३ रोजी संपली, मनाचे दुखणे त्या तारखेला संपले नाही. ज्यांचे अजून ओसरलेले नाही, त्यांनी केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतही बोलता येते.